वीस अंश पन्नास मिनिटं

रंकाळ्याच्या कट्ट्यावर, आभाळ अगदी स्वच्छ असताना, एक माणूस काळी छत्री उघडून ती डोक्यावर न धरता तोंडासमोर धरून उभा आहे, असं तुम्ही कधी पाहिलं असेल तर ते आमचे सर होते. छत्रीच्या कापडातून ते रस्त्यावरचा दिवा बघत असायचे. एकदा मी बरोबर असताना भेळ खात निघालेला एक गडी थांबला आणि म्हणाला, "पावणं, पाऊस न्हाय की वो!"

"पावसाला कोण इचारतंय? हिकडं या. ह्यातनं दिवा बघा," सर म्हणाले आणि त्या माणसाला त्यांनी छत्रीमागे ओढलं.

तो भेळेचा पुडा हातात घेऊन दहा मिनिटं बघत राहिला. दिवा एक, पण कापडातून बघितलं की त्याच्या चारी बाजूंना ठिपक्यांच्या रांगा दिसतात, फुलीसारख्या. "आयला, एका दिव्याचं नऊ झालं!" तो म्हणाला. सर लगेच म्हणाले, "नऊ कशावरनं? मोजलंसा?" त्या बिचाऱ्याला त्यांनी तीनदा मोजायला लावलं. भेळ मऊ पडली, पण तो जाताना छत्रीकडे वळून वळून बघत गेला.

सर आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. पेठ वडगावहून रोज एसटीनं यायचे. धोतर-टोपीतल्या घराण्यातला शर्ट-पँट घातलेला पहिला माणूस, असं ते स्वतःबद्दल सांगायचे. खिशात एक कोंबड्याचं पीस असायचं. त्या पिसातूनही ते दिवे बघायचे. पीस झिजलं की चिकनच्या दुकानात जाऊन नवं मागायचे. दुकानदार पहिल्यांदा गोंधळून गेला होता म्हणे. "कोंबडी न्हाय, नुसतं पीस?" असं त्यानं दोनदा विचारून घेतलं आणि मग फुकट दिलं. रंकाळ्याचे जुने पिवळे दिवे काढून पांढरे बसवले त्या आठवड्यात सर कुणाशी धड बोलले नाहीत. आम्ही विचारलं तर म्हणाले, "पिवळा एकटा हुता रं. बघायला सोपा. ह्या पांढऱ्यात नुसती गर्दी."

आम्ही त्यांना हसायचो. मीही हसायचो, आणि मी त्यांचा लाडका विद्यार्थी होतो.

त्यांचं खरं राज्य म्हणजे प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातली काळ्या पडद्यांची खोली. तिथे सोडियमचा दिवा असे. लावला की आधी गुलाबी दिसायचा आणि पाच-सात मिनिटांनी पिवळाजर्द व्हायचा. त्या उजेडात सगळ्यांची तोंडं कावीळ झाल्यासारखी दिसायची. टेबलांवर स्पेक्ट्रोमीटर मांडलेले, आणि प्रत्येकावर एक ग्रेटिंग. ग्रेटिंग म्हणजे काचेवर चिकटवलेला एक पातळ पापुद्रा, आणि त्या पापुद्र्यावर एका इंचात पंधरा हजार रेघा. डोळ्याला त्या दिसत नाहीत. प्रकाशाला मात्र दिसतात. तो त्या रेघांमधून जाताना थोडा सरळ जातो आणि थोडा डावी-उजवीकडे वळतो. किती वळला तो कोन दुर्बिणीनं मोजायचा. रेघा जितक्या जवळजवळ, तितका कोन मोठा. प्रयोग एवढाच.

पण हा कोन मोजणं म्हणजे मानेला शिक्षा. दुर्बीण फिरवायची, पिवळी रेघ तिच्या आतल्या तारांच्या फुलीवर आणायची, श्वास धरायचा, भिंगातून बारीक खुणा वाचायच्या. आधी अंश, मग मिनिटं. एका अंशाची साठ मिनिटं. सर म्हणायचे, "अंश काय, कुणीबी वाचतंय. मिनिटं कोण वाचतंय ते मला बघायचं असतंय."

आता आम्हा मुलांची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. उत्तर, म्हणजे त्या कोनावरून निघणारी पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी, पुस्तकात छापलेलं असायचं. मग मान कशाला मोडायची? उत्तरावरून उलटं गणित करायचं, कोन किती यायला पाहिजे ते काढायचं आणि तोच जर्नलमध्ये लिहायचा. त्यातही शहाणी मुलं तंतोतंत आकडा लिहीत नसत. दोन मिनिटं इकडे, एक मिनिट तिकडे अशी थोडी चूक मुद्दाम ठेवायची, म्हणजे हातानं घेतलेलं रीडिंग वाटतं. ह्या कलेत माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

सरांना ही रीत ठाऊक होती. म्हणून त्यांचीही एक रीत होती. मुलं कोन मोजत असताना ते काळ्या पडद्याच्या आत कधी यायचे नाहीत. "मी आत आलो की तुम्ही दुर्बिणीत न्हाय, माझ्या तोंडाकडं बघून आकडा सांगताय," असं त्यांचं म्हणणं. प्रत्येकानं आपलं रीडिंग चिठ्ठीवर लिहायचं, जोडीदारालाही दाखवायचं नाही, घडी घालून बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायची. शनिवारी सर डबा उघडायचे आणि आकडे एका लांबट रजिस्टरात उतरवून घ्यायचे.

त्या रजिस्टराची बरीच पानं एकट्या चार नंबरच्या टेबलाची होती. त्या टेबलावरचं ग्रेटिंग सर नोकरीला लागले त्या वर्षी नवं आलं होतं. तेव्हा त्यांनी स्वतः कोन मोजला होता, वीस अंश बावीस मिनिटं, अगदी पुस्तकाप्रमाणे. काही वर्षांनी मोजला तर एकतीस मिनिटं. आणखी काही वर्षांनी एकोणचाळीस. सरांच्या डोक्यात एक कल्पना आली. पापुद्रा वाळत असणार, आणि वाळता वाळता आकसत असणार. म्हणजे त्यावरच्या रेघा दर वर्षी केसाच्या लाखाव्या भागानं एकमेकींच्या जवळ सरकत असणार. "जाळी आवळत चाललीया," ते हळू आवाजात सांगायचे, जसं काय जाळी ऐकत असावी. वेष्टनावर पंधरा हजार लिहिलेलं आणि जगभरची पोरं डोळे झाकून पंधरा हजार धरणार, हे त्यांना फार लागायचं. त्यांनी त्यावर पानभर मजकूर लिहून ठेवला होता. फिजिक्सच्या शिक्षकांच्या एका मासिकाला तो पाठवायचा होता. आयुष्यात त्यांनी लिहिलेलं तेवढंच. त्यात एका आकड्याची, आजच्या कोनाची, जागा रिकामी होती.

ती जागा ते स्वतः भरू शकत नव्हते, कारण त्यांचे डोळे. साखरेनं डोळ्यांचे पडदे खराब होत चालले होते. वाढलेला कोन ग्रेटिंगमुळे आहे की आपल्या नजरेमुळे, हा संशय त्यांना पोखरत होता. म्हणून त्यांनी वर्गातले दोन तरुण डोळे निवडले. एक मी आणि दुसरी नसीम.

नसीम कोडोलीची. वडील शिलाईकाम करायचे आणि तीही लहानपणापासून मशीनवर बसलेली. सुईत दोरा ओवताना धरतात तसा श्वास धरून ती दुर्बिणीत बघायची. बोलायला फटकळ होती. मला म्हणायची, "तुझी अक्कल कॅलक्युलेटरात हाय, डोळ्यात न्हाय."

एका शुक्रवारी दुपारी सरांनी आम्हा दोघांना चार नंबरचं टेबल दिलं. स्वतः ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाले होते. जाताना दारातून म्हणाले, "ही रीडिंगं जर्नलसाठी न्हाईत. माझ्यासाठी हाईत. दोघांनी निरनिराळी घ्या. काय येईल ते लिवा."

त्याच दुपारी आमच्या पेठेच्या संघाची सेमीफायनल होती. फुटबॉलच्या दिवसांत कोल्हापूरचं काय होतं हे ज्यानं पाहिलंय त्याला जास्त सांगायला नको. नसीमला म्हटलं, "तू घे आधी, मी मागनं घेतो," आणि मी सरळ मैदान गाठलं. आम्ही जिंकलो. शनिवारी सकाळी चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या मी उलटं गणित केलं. उजवीकडे वीस अंश चोवीस मिनिटं, डावीकडे वीस अंश एकवीस, सरासरी साडेबावीस मिनिटं. चिठ्ठी डब्यात टाकली. मला त्यात काही वाईट वाटलं नाही, हेच आता वाईट वाटतं.

सोमवारी सरांनी आम्हाला बोलावलं. समोर दोन चिठ्ठ्या उलगडलेल्या. नसीमची वीस अंश पन्नास मिनिटांची, आणि माझी. डोळ्यांत घातलेल्या औषधामुळे सरांचे डोळे अजून लाल होते. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ह्यातलं एक कायतरी चुकलंय. परत घ्या. एक झाला की दुसरा."

आधी नसीम आत गेली. तासाभरानं आली, चिठ्ठी टाकली. मग मी गेलो. ह्या वेळी खरंच बसलो. पिवळी रेघ फुलीवर आणली, श्वास धरला, भिंग लावलं. वीस अंश पन्नास मिनिटं. दुसऱ्या बाजूला एक्कावन्न. पुन्हा घेतलं, तेच.

त्या पिवळ्या खोलीत मी पेन उघडलं. खरा आकडा लिहावा तर शनिवारचा कुठून आला ते सांगावं लागणार होतं. बाहेर खुर्चीवर बसलेला माणूस मला आपला डोळा समजत होता. मॅचला गेलतो, असं म्हणायला दोन शब्द पुरले असते. मी चिठ्ठीवर वीस अंश तेवीस मिनिटं लिहिली.

सरांनी ती डोळ्यांजवळ नेऊन वाचली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "सोताच्या डोळ्यानं बघितलंस न्हवं?"

"हो सर," मी म्हणालो. बघितलं होतंच.

त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. मग नसीमला म्हणाले, "पोरी, ग्रेटिंग तिरकं बसलं असंल तुझं. हुतंय असं."

"न्हाय सर. मी चारदा बसवून बघितलं."

"हुतंय असं," ते पुन्हा म्हणाले आणि रजिस्टरातल्या तिच्या आकड्यावर त्यांनी लाल रेघ मारली. मग त्याच पेनानं मागे जाऊन आपल्या स्वतःच्या आकड्यांवरही मारली, एकतीसवर आणि एकोणचाळीसवर. "जाळी न्हाय आवळली रं," ते म्हणाले. "माझा डोळाच गेला."

तो मजकुराचा कागद त्यांनी चार घड्या घालून बिस्किटांच्या डब्यात ठेवला. त्यानंतर मी त्यांना दुर्बिणीला डोळा लावताना पाहिलं नाही. छत्री पावसात डोक्यावर दिसू लागली.

नसीमला सगळं ठाऊक होतं. शुक्रवारी मी टेबलाजवळ नव्हतो हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? ती सरांना बोलली नाही. मी एकदा चाचरत विषय काढला तर म्हणाली, "मी सांगून सर मानणार हाईत व्हय? तू सांगशील तवा मानतील." वार्षिक परीक्षेत चिठ्ठी काढताना तिच्या नशिबी चार नंबरचंच टेबल आलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिचं उत्तर बघून मान डोलावली, पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. बाहेर पडल्यावर ती मला म्हणाली, "तुझ्यावानी केलं. दुर्बिणीला डोळासुदीक लावला न्हाय." ती हसत नव्हती. त्या वर्गात सरळ हातानं काम करणारी एकच मुलगी होती आणि तिला उलटं गणित मी शिकवलं होतं.

पुढे मी त्याच कॉलेजात शिकवायला लागलो. सर निवृत्त झाले. कधीमधी भेट व्हायची, पण मी ग्रेटिंगचा विषय टाळायचो आणि तेही टाळायचे. मी विसरलो होतो असं मात्र नाही. वर्गात विवर्तन, म्हणजे प्रकाशाचं हे वळणं, शिकवताना माझा आवाज आपोआप घाईचा होतो, हे एका मुलीनं मला तोंडावर सांगितलं होतं.

गेल्या वर्षी प्रयोगशाळेत लेसरचे नवे संच आले आणि जुनं सामान काढायची वेळ आली. मागच्या कपाटात तो बिस्किटांचा डबा सापडला. आत चार नंबरचं ग्रेटिंग, रजिस्टर आणि चार घड्यांचा कागद. सोडियमचा एक दिवा अजून चालत होता. मी पडदे ओढले, दिवा पिवळा होईपर्यंत थांबलो आणि मोजलं. एकवीस अंश सात मिनिटं. म्हणजे जाळी आवळतच होती. सरांनी तेव्हा घेतलेले आकडे खरे होते, सरांची शंका बरोबर होती, आणि एवढी सगळी वर्षं तो माणूस स्वतःला चुकलेला समजत वडगावात बसला होता. मी स्टुलावर बसून रडलो. रडायला तिथे अंधार बरा होता.

वडगावला गेलो तेव्हा सरांना उजेड-अंधार सोडून काही दिसत नव्हतं. मी आकडा सांगितला. त्यांनी तो दोनदा म्हणायला लावला. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "मग कोडोलीच्या पोरीचं बरोबर हुतं! अरं, तिच्यावर काट मारली मी. तिला घिऊन ये. माफी मागायला पायजे." माझ्या रीडिंगचं ते काही बोलले नाहीत. मी बोललो नाही.

नसीम आता कोडोलीजवळच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. फोनवर तिनं एवढंच विचारलं, "तू सांगणार हाईस न्हवं?" मी हो म्हणालो. आणि खरंच सांगणार होतो. वडगाव येईपर्यंत बसमध्ये मनात वाक्यं जुळवत होतो.

सरांच्या पत्नीनं, काकूंनी, चहा ठेवला. नसीमला बघून त्यांना उमाळा आला, जुन्या गोष्टी निघाल्या. "ह्यांचं काय सांगू बाई. लग्नात अंतरपाट धरलेला, आन हे त्या कापडातनं एकटक बघाय लागलं. मला वाटलं माझ्याकडंच बघत्यात. मागनं कळलं, माझ्या पाठीमागं बत्ती हुती." सर हसता हसता खोकू लागले. किती दिवसांनी मी त्यांना तसं हसताना बघत होतो.

मग ते उठून उभे राहिले आणि अंदाजानं नसीमच्या दिशेला हात जोडले. "पोरी, तुझं खरं हुतं. मी काट मारली. पदरात घे."

नसीमनं त्यांचे हात धरून खाली बसवलं. "सर, तुमची काय चूक न्हाय," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. माझं पहिलं वाक्य ओठावर आलं होतं.

"रजिस्टर आणलंयस न्हवं?" सर मला म्हणाले. "पेन घे. पोरीच्या आकड्याशेजारी लिव, बरोबर."

मी लिहिलं.

"आता तुझ्या आकड्याशेजारी लिव." ते क्षणभर थांबले. "लिव, रीडिंग प्रामाणिक, चूक नजरेची. लेका, मनाला लावून घिऊ नगंस. तरणा डोळाबी चुकतोय. तू परत बसून बघितलंस, मला तेवढं पुरं हाय."

त्यांचा चेहरा इतका निवांत होता की ते निवांतपण मोडायचा मला धीर झाला नाही. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं तर मला तोच धीर झाला नाही जो पहिल्यांदाही झाला नव्हता. मी लिहिलं. "रीडिंग प्रामाणिक, चूक नजरेची." मोठ्यानं वाचून दाखवलं. नसीम पानाकडे बघत होती.

आम्ही एसटी स्टँडवर आलो. कोडोलीची गाडी लागली तेव्हा पिशवी उचलत म्हणाली, "त्यांना दिसत न्हाय. मला दिसतंय की."

सर आता दर रविवारी सकाळी फोन करतात. काकू नंबर लावून देतात. त्यांना पुन्हा हुरूप आलाय. जुना मजकूर नव्यानं लिहायचाय, त्यासाठी दर आठवड्याला ताजं रीडिंग पाहिजे. म्हणून शनिवारी मी पडदे ओढून बसतो, मान मोडेपर्यंत बसतो. चारदा घेतो आणि चारही जसेच्या तसे लिहितो. मजकुराचा शेवट त्यांनी मला फोनवर सांगितलाय. जुन्या रीडिंगांपैकी एक चुकलं होतं, पण ते घेणारा मुलगा प्रामाणिक होता, असं त्यात स्पष्ट लिहायचं म्हणाले, म्हणजे पुढे कुणी त्याला नाव ठेवायला नको. वडगावची गाडी दर अर्ध्या तासाला आहे. सांगायला मी अजून गेलेलो नाही.

परवाच्या रविवारीही फोन आला.

"किती?"

"एकवीस अंश आठ मिनिटं, सर."

"सोताच्या डोळ्यानं बघितलंस न्हवं?"

"हो सर," मी म्हणालो.